बैलाचे दात बघतो, तसा बंदुकीचा नंबर बघा



नागली पोटरीला आली की डुकरं डोंगरावरून खाली उतरतात, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. माळ्यावर बसून रात्र रात्र डबे वाजवायचे, टेंभे फिरवायचे, हाका मारायच्या. चौथ्या-पाचव्या रात्री माणसाचा डोळा लागतो आणि सकाळी बघावं तर अर्धा प्लॉट लोळवलेला. एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "फॉरेस्टनी ठेवला तो डुकरांनी खाल्ला." ह्याच्यात सगळं आलं.

ह्याच दिवसांत पाड्यावर बंदुकीची गोष्ट निघते. कोणी बाजारात भेटतो, कोणी सांजेला पाड्यावर येतो. म्हणतो, जुनी बंदूक आहे, चांगली चालते, दोन बोकडांच्या पैशात देऊन टाकतो. गेल्या काही दिवसांत वेगवेगळ्या पाड्यांवरून आमच्याकडे हा सवाल आला: "घ्यावी का? चोरीची असली तर कळणार कसं?"

सवाल बरोबर आहे आणि बरोबर वेळी विचारला आहे. घेतल्यावर विचारण्यापेक्षा घेण्याआधी विचारलेलं शंभर पटीने बरं. म्हणून ह्या अंकात आम्ही आमचं मत मांडतो.

मत थोडक्यात असं. जुनी बंदूक घेणं वाईट नाही. पण जिचा माणूस, कागद आणि नंबर हे तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, ती बंदूक चोरीची समजायची आणि तिला हात लावायचा नाही. दुसरी गोष्ट अशी की, आपल्याला सरळ वाटेने परवाना मिळत नाही म्हणून आपली माणसं चोरवाटेला जातात. ती सरळ वाट उघडून घेणं हे सुद्धा आपल्या जमिनीच्या लढाईतलंच काम आहे.

स्वस्त बंदूक येते कुठून

आपल्या भागात हातोहात फिरणाऱ्या बंदुका तीन जातीच्या असतात.

पहिली, मेलेल्या माणसाची. बापाच्या नावावर परवाना होता, बाप वारला, बंदूक घरात पडून राहिली. पोरांनी परवाना करून घेतला नाही की ठाण्यात जमा केली नाही. आता ती घरात ठेवायची भीती वाटते, म्हणून विकून मोकळं व्हायचं आहे.

दुसरी, चोरीची. कोणाच्या बंगल्यातून, वाडीतून, गोडाऊनच्या रखवालदाराकडून गेलेली. चोराला ती ठेवायची नसते, खपवायची असते. आणि खपवायला जंगलातला पाडा त्याला सगळ्यात सोपा वाटतो. इथे रस्ता नाही, दिवे नाहीत, नंबर वाचणारा माणूस कमी, आणि डुकरांनी जेरीस आणलेला शेतकरी घरोघरी.

तिसरी, गावठी. कुठल्यातरी लोहाराने नळी बसवून केलेली. तिच्यावर नावही नाही, नंबरही नाही.

तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे. विकणाऱ्याला आपल्या अंगावरचा धोका दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा आहे. बंदूक स्वस्त असते ती ह्याच्यासाठी. आपण बंदुकीबरोबर त्याचा धोकाही विकत घेतो आणि वर पैसे मोजतो.

कायदा कोणाला धरतो

पुष्कळ जण म्हणतात, "चोरी आपण केली नाही, आपण पैसे दिले, मग आपला काय गुन्हा?" हे नीट समजून घ्या.

पहिलं, ज्याची वस्तू नाही त्याने विकली तरी ती घेणाऱ्याची होत नाही. मूळ मालक सापडला की वस्तू त्याच्याकडे जाते. तुमचे पैसे चोराकडे राहतात.

दुसरं, चोरीचा माल घेणं हा वेगळाच गुन्हा आहे. २०२४ पर्यंत दंडविधानाचं ४११ कलम त्याच्यासाठी होतं, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर गुन्हा, एवढंच त्यात नाही. चोरीचा असेल असं वाटायला कारण होतं आणि तरी लबाडीने घेतला, तरी गुन्हा. आता बघा. रात्री आणलेली, निम्म्याहून कमी किमतीची, "कोणाला सांगू नको" असं बजावून दिलेली बंदूक. कोर्टात विचारतील, तुला शंका यायला कारण नव्हतं काय? ह्याचं उत्तर काय देणार?

तिसरं, बंदूक चोरीची असो की नसो, आपल्या नावाचा परवाना नसताना घरात बंदूक ठेवणं हा हत्यारांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. हा कायदा १९५९ सालचा. कोर्टात त्याला आर्म्स ॲक्ट म्हणतात. १९८३ साली त्याची दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढली. तेव्हापासून २०१९ पर्यंत बिनपरवाना बंदुकीला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड होता. कोर्टाने खास कारण लिहून दिलं तरच वर्षाच्या आत सुटका होत असे.

चौथं सगळ्यात वाईट आहे आणि आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही. त्याच कायद्याचं ८ वं कलम म्हणतं की ज्या बंदुकीवरचा नंबर खरवडलेला आहे, बदललेला आहे किंवा नंबरच नाही, ती ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो नंबर पुसला असं धरून चालायचं. तसं नाही हे दाखवायचं काम त्याचं. एरवी गुन्हा पोलिसांनी शाबीत करायचा असतो. इथे उलटं आहे. कानस फिरवली चोराने, आणि ती मी फिरवली नाही हे शाबीत करायचं तुम्ही. चोर कुठे गेला ते तुम्हाला माहीत नाही, त्याचं खरं नावही माहीत नाही.

म्हणून पाड्यावर जे बोलतात ना, की नंबर नसलेली बंदूक बरी, मालक सापडत नाही, ते अगदी उफराटं आहे. नंबर नसलेली बंदूक सगळ्यात वाईट.

तपासायचं कसं

बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. कोणत्या गावचा, कोणाच्या गोठ्यातला, का विकतो, हे विचारतो. मग बाजाराची पावती फाडतो. पावतीविना बैल घेऊन घाट चढायची आपली हिंमत होत नाही. एवढी अक्कल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. तीच बंदुकीला लावायची. बंदूक बघायला एकट्याने जाऊ नका. गावातली दोन शहाणी माणसं आणि वाचता येणारा एक पोरगा बरोबर घ्या. उजेडी जा.

माणूस बघा. त्याचं नाव, गाव, घर आपल्याला माहीत पाहिजे. "अमक्या मामाचा ओळखीचा" एवढ्यावर जाऊ नका. त्या मामालाच समोर आणा. बंदूक त्याची स्वतःची आहे की दुसऱ्याची आणली आहे, किती वर्षांपासून आहे, का विकतो, हे सगळ्यांसमोर विचारा. खरा मालक चिडणार नाही, सांगेल. चोर घाई करील.

कागद बघा. मालकाचा मूळ परवाना मागा, नक्कल नको. परवान्यावर नाव असतं, मुदत असते, बंदुकीची जात आणि नंबर असतो. परवान्यावरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे काय? मुदत चालू आहे काय? परवाना २०१९ पर्यंत तीन वर्षांचा असायचा; मुदत संपली की नवा करून घ्यावा लागतो. "बापाची आहे" म्हणाला तर बाप वारल्यावर बंदूक कुठे जमा केली, ते विचारा. परवाना संपला की बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानदाराकडे जमा करायची असते, आणि जमा केली की पावती मिळते. वारसाला पुढे परवाना मिळाला तर ती परत मिळते, किंवा तो ती रीतसर विकू शकतो. म्हणजे मेलेल्या माणसाची बंदूक विकायची सुद्धा सरळ वाट आहे. ती वाट सोडून जो तुमच्या दारात येतो, त्याला का यावं लागलं?

लोखंड बघा. कारखान्यात झालेल्या बंदुकीवर करणाऱ्याचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. नळीवर बघा, नळीच्या मागच्या लोखंडी भागावर बघा. नंबर इंग्रजीत असतो, पोराला एक एक आकडा कागदावर उतरवायला सांगा. अक्षर पुसट असेल तर वर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा, ठसा कागदावर उमटतो. मग परवान्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा ताडून बघा. एक आकडा इकडचा तिकडे असला तरी ती बंदूक त्या परवान्यातली नाही. नंबराजवळ कानशीचे ओरखडे दिसतात काय, तेवढ्याच जागी नवा रंग किंवा डाग आहे काय, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा वाकडा ठोकलेला आहे काय, हे बोट फिरवून बघा. आपल्या बायामाणसांना भांड्यावरचं नाव खोडून दुसरं घातलेलं हाताला कळतं. इथेही कळेल.

हे सगळं विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या समोर करायचं. "घेऊन जा, दोन दिवस वापरून बघा" असं म्हणाला तरी नेऊ नका. दोन दिवस घरात राहिली तरी ती तुमच्या ताब्यात सापडली असंच लिहितात.

पंचेचाळीस दिवस

आता सगळ्यात पक्की कसोटी सांगतो. ती कायद्यातच आहे.

परवानावाल्या माणसाला आपली बंदूक दुसऱ्याला विकायची असेल तर त्याने आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला, म्हणजे कलेक्टरला, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं. मी ही बंदूक विकणार आहे, आणि अमक्या गावच्या अमक्या माणसाला विकणार आहे, असं नाव-गाव लिहून. कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस गेल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही. आणि घेणाऱ्याकडे सुद्धा त्या जातीच्या बंदुकीचा परवाना पाहिजे.

लोक म्हणतात ही कटकट आहे. आम्ही म्हणतो हीच आपली ढाल आहे. चोर गोड बोलेल, शपथ घेईल, खोटा कागद दाखवील, पैसे कमी करील. पण तो पोलीस ठाण्यात आपलं नाव, बंदुकीचा नंबर आणि तुमचं नाव लिहून देऊन पंचेचाळीस दिवस थांबणार नाही. म्हणून फार चौकशी जमली नाही तरी एवढंच म्हणा: "दादा, तू ठाण्यात लेखी दे, पोच दाखव, दीड महिन्याने पैसे घे." खरा मालक असला तर कुरकुरत का होईना, करील. खोटा असला तर परत तुमच्या पाड्यावर दिसणार नाही. तुमचा एक पैसा न जाता तपास झाला.

चोरीच्या बंदुकांची यादी कुठे भिंतीवर लावलेली नसते की आपण जाऊन वाचावी. मालकाने चोरीची फिर्याद ज्या ठाण्यात दिली, त्या ठाण्याच्या दप्तरात नंबर असतो. परवाना ज्या कचेरीने दिला, तिच्या रजिस्टरला मालकाचं नाव असतं. म्हणून मनात शंका राहिली तर दोन अर्ज करायचे. एक विकणाऱ्याच्या गावच्या ठाण्याला, एक परवाना दिला त्या कचेरीला. अर्जात लिहायचं की ह्या नंबरची बंदूक आम्हाला विकायला दाखवली आहे, आम्ही ती घेतलेली नाही, ती कोणाच्या नावावर आहे आणि तिच्याबद्दल चोरीची फिर्याद आहे काय ते कळवावं. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच दिल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही, हे आपण जमिनीच्या अर्जांत शिकलोच आहोत.

"पण ठाण्यात जायचं कोणी?"

हा आक्षेप आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो आणि तो खोटा नाही. ठाण्यात बंदुकीचं नाव काढलं की साहेब आपल्यालाच बसवून ठेवतील, उलट विचारतील, चार थपडा मारतील, असं लोक म्हणतात. असं झालेलं आहे, आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून आम्ही म्हणतो तीन गोष्टी पाळा. एकट्याने जाऊ नका, पाच-सहा जण जा, त्यात बाया असू द्या. तोंडी सांगू नका, लेखी द्या. आणि बंदूक आपल्याकडे नसतानाच जा. हात रिकामा असलेल्या माणसाने लेखी विचारलं आणि त्याच्याकडे पोच असली, तर उद्या तोच कागद त्याच्या बाजूने बोलतो. हात भरल्यावर विचारायला गेलं तर तो कबुलीजबाब होतो.

दुसरा आक्षेप असा: "जंगलात कोण बघतो? किती जणांकडे आहेत!" खरं आहे, पुष्कळ दिवस कोणी बघत नाही. पण बघायचं कधी हे आपण ठरवत नाही. ज्या दिवशी तुमचं गार्डाशी भांडण होतं, ज्या दिवशी तुम्ही सावकाराविरुद्ध उभे राहता, ज्या दिवशी पाडा मोर्च्याला निघतो, त्या दिवशी बघतात. बंदूक दहा वर्षं आढ्यावर होती हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ते सांगणारा त्याच दिवशी निघतो.

एका पाड्यावर असंच घडलं. केस चालू आहे म्हणून नाव-गाव लिहीत नाही. एका भावाने बाजारात भेटलेल्या माणसाकडून बंदूक घेतली होती, फक्त बार काढून डुकरं पळवायला. प्लॉटवरून वाद झाला आणि आठ दिवसांत झडती आली. बंदूक वाडीतून चोरीला गेलेली निघाली. तो आत, आणि जामिनाला, वकिलाला बैलजोडी गेली. तो आत असताना प्लॉटची पाहणी झाली. कसणारा हजर नाही म्हणून त्याचा प्लॉट लिहिलाच नाही. डुकरांनी एका सालाचं पीक खाल्लं असतं. ह्या बंदुकीने जमीनच खाल्ली.

झडती आली तेव्हा घरात कोण होतं? त्याची बायको आणि दोन पोरं. ती म्हणाली, बंदूक घरात आणताना मला विचारलं नाही, पोलिसांनी मात्र मलाच विचारलं. पुरुषांनो, हे ध्यानात ठेवा. घरात काय येतं ते ठरवायचा हक्क घरातल्या बाईचाही आहे, कारण रात्री दार तीच उघडते.

ही एका घराची गोष्ट नाही

आम्ही हे एवढं लांबवून लिहितो त्याला कारण आहे. आपली लढाई कागदाची आणि एकीची आहे. १९७८-७९ च्या सरकारी ठरावांप्रमाणे जुनी अतिक्रमणं कायम करायची होती. त्यात पुष्कळांची नावं सुटली. मग १९८० साली जंगलाचा नवा केंद्राचा कायदा आला आणि कामं अडकली. एकसाली प्लॉटवाले कित्येक वर्षं एकसालीच राहिले. अशा वेळी आपल्याकडे काय आहे? दंडाच्या जुन्या पावत्या आहेत, म्हाताऱ्यांच्या साक्षी आहेत, बांध आहेत, झाडं आहेत, आणि सगळा गाव एका तोंडाने बोलतो हे आहे. आपण म्हणतो, आम्ही चोर नाही, आम्ही कसणारे आहोत. ह्या बोलण्याला वजन आहे, कारण ते खरं आहे.

पाड्यात एक चोरीची बंदूक सापडली की समोरच्याला जे पाहिजे तेच मिळतं. मग जमिनीची गोष्ट बाजूला पडते आणि बंदुकीची सुरू होते. मोर्च्यात आलेला प्रत्येक जण "हत्यारवाला" ठरतो.

आणि हे काही नवीन नाही. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये तलासरीजवळ तलवाड्याला काय झालं ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. जमीनदारांच्या माणसांनी वारल्यांना खोटा निरोप दिला, काठ्या घेऊन जमा व्हा म्हणून. आणि तिकडे पोलिसांना सांगितलं की वारली मारामारीला जमलेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. तेव्हा नुसत्या काठ्या होत्या, तरी "हत्यारं घेऊन जमले" एवढं म्हणणं गोळी घालायला पुरलं. तर मग घरात चोरीची बंदूक असली तर काय काय म्हणतील? ज्याने आपल्याला गुन्हेगार म्हणायचं आधीच ठरवलं आहे, त्याच्या हातात पुरावा आपण का द्यायचा?

सरळ वाट कुठे अडली

इतकं सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग डुकरांनी खाऊ द्यायचं काय? नाही. इथे सरकारलाही जाब विचारायचा आहे.

त्याच १९५९ च्या कायद्यात, १३ व्या कलमात, लिहिलं आहे की पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरीही साधी बंदूक देता येते. म्हणजे आपण भीक मागत नाही. पुढे १४ व्या कलमात लिहिलं आहे की माणसाकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारायचा नाही. आणि नाकारला तर कारण लिहून ठेवायचं, मागितलं तर थोडक्यात लेखी द्यायचं. त्यावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

आता कचेरीत काय होतं? पहिला सवाल, सातबारा कुठे आहे? सातबारा नाही, कारण जमीन फॉरेस्ट म्हणून लिहिली आहे. जमीन नावावर नाही म्हणून पीक तुमचं नाही, पीक तुमचं नाही म्हणून राखण कसली, राखण नाही म्हणून परवाना नाही. अर्ज खिडकीतूनच परत देतात, म्हणजे नाकारल्याचा कागदही राहत नाही. ज्याची शंभर एकर वाडी आहे त्याच्याकडे बारा बोरची बंदूक भिंतीवर टांगलेली असते. ज्याची एक एकर नागली जंगलाच्या तोंडाशी आहे त्याला डबा. आणि वाडीवाल्याची बंदूक चोरीला गेली की ती फिरत फिरत डबेवाल्याच्या घरात सापडते, आणि जेलमध्ये डबेवाला जातो. हा सगळा फेरा जमिनीच्या हक्कापासून सुरू होतो आणि तिथेच येऊन थांबतो.

एक गोष्ट मात्र मिसळू नका. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही. त्याला १९७२ चा वन्यजीवांचा कायदा वेगळा आहे. बार काढून जनावर हुसकावणं एक, शिकार करणं दुसरं. परवाना मिळाला तरी हे ध्यानात ठेवायचं.

ज्याच्या घरात आधीच आहे

काही जणांच्या घरात अशी बंदूक आधीच असेल. त्यांना आम्ही बोट दाखवत नाही. पण तीन गोष्टी करू नका. दुसऱ्याला विकू नका, कारण मग विकणाराही तुम्हीच होता आणि तुमच्यासारखाच एक गरीब अडकतो. नदीत किंवा जंगलात टाकू नका, ती कोणाच्या तरी पोराच्या हाती लागते. आणि भीतीने नंबर तर अजिबात खरवडू नका, वर ८ वं कलम सांगितलंच आहे. बार भरलेला असला तर आधी पोरांना लांब ठेवा. संघटनेच्या कार्यकर्त्याला सांगा. आपण वकिलाला विचारून, लेखी देऊन, चार माणसांसमोर ती ठाण्यात जमा करायचं बघू. स्वतःहून जमा केलेली आणि झडतीत सापडलेली, ह्यांत कोर्टात मोठा फरक पडतो. जमा करताना पंचनामा झाला तर त्यात नंबर बरोबर लिहिला आहे काय ते वाचून घ्या. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

गावच्या बैठकीत काय ठरवायचं

आमचं म्हणणं असं की प्रत्येक पाड्याने पुढच्या बैठकीत चार ठराव करावेत.

एक, बाहेरचा कोणी बंदूक विकायला आला तर तो कोणा एकट्याशी बोलणार नाही, गावासमोर बोलेल.

दोन, माणूस, कागद, नंबर हे तिन्ही बघितल्याशिवाय आणि ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस गेल्याशिवाय कोणी बंदूक घेणार नाही. घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर परवाना नसेल तर मुळीच घेणार नाही.

तीन, ज्यांना राखणीला बंदूक खरोखर पाहिजे त्यांनी परवान्याचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र जाऊन द्यायचे. सातबाऱ्याच्या जागी दंडाच्या पावत्या, एकसालीचे कागद आणि गावचा पंचनामा जोडायचा. पोच घ्यायची. नाकारलं तर कारण लेखी मागायचं. अर्ज लिहायला आम्ही येतो.

चार, तोवर राखण पाळीपाळीने करायची. लागून लागून असलेल्या प्लॉटवाल्यांनी रात्री वाटून घ्यायच्या, म्हणजे एकाच माणसाच्या डोळ्यावर सगळा भार येणार नाही. जिथे हे केलं तिथे नुकसान कमी झालं आहे, तुम्ही शेजारच्या पाड्यावर विचारून बघा.

कागदाशिवाय जमीन टिकत नाही, हे आपल्याला पन्नास वेळा कचेऱ्यांचे उंबरे झिजवून कळलं. बंदुकीचं तसं व्हायला नको. तिचा कागद आधी बघायचा. तो नसेल तर विकणाऱ्याला सांगायचं, "दादा, तुझी बंदूक तुलाच असू दे." आणि आपले अर्ज घेऊन सगळ्यांनी मिळून कचेरीला जायचं.